पेशीची तारीख

रोहिणी मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका माणसाचा अंगठा मोडत होत्या.

सिंगापूरच्या पुंगोल भागात पंधरा-वीस मराठी घरं मिळून एका काँडोच्या, म्हणजे मोठ्या सोसायटीच्या, हॉलमध्ये गणपती बसवतात. आमच्या यार्डातले एक मराठी मरीन इंजिनियर मला रविवारी तिथे घेऊन गेले. म्हणाले, चल सुदाम, चार मराठी शब्द कानावर पडतील. शब्द माझ्या एकाच कानावर पडतात हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. जहाज दुरुस्तीच्या यार्डात बहिरा माणूस कोण ठेवेल? वरून पत्रा येतोय ही हाक ऐकू आली नाही तर मरणार मी आणि अडकणार कंपनी. कानाच्या तपासणीत, आवाज आला की बटण दाबायचं असतं, तिथे मी शेजारच्याचा हात बघून बटण दाबलं होतं. पास झालो होतो.

तर त्या दिवशी मी हॉलच्या मागच्या खोलीत पातेली घासत होतो. बायका पुऱ्या लाटत होत्या. बाहेर शिरीषराव म्हणून एक गृहस्थ, रॅफल्स प्लेसला बँकेत मोठे साहेब, आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला अथर्वशीर्ष म्हणायला उभं करत होते. पोरगी म्हणाली, "डोन्ट वॉन्ट ला, पप्पा." दोन-चार जण हसले. ते हसले नसते तर पुढचं काही झालं नसतं असं मला अजून वाटतं. शिरीषरावांनी तिला दंडाला धरून मागच्या खोलीत आणलं आणि कानाखाली मारली. पूर्ण पंजा, पूर्ण कानावर. तसा फटका बसला की आवाज वेगळा येतो. हवा भरलेली पिशवी फोडल्यासारखा. मला तो ओळखीचा होता.

दुसरी मारायला त्यांनी डाव्या हाताने दाराची चौकट धरली. तेवढ्यात पुऱ्या लाटणाऱ्या बायकांतली एक, पन्नाशीची, बारीक, केस पुरुषासारखे कापलेली, हातातलं पीठ न झटकता उठली. पोळपाट दोन्ही हातांनी उचलला आणि चौकटीवरच्या त्या हातावर हाणला. शिसवी पोळपाट होता. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

शिरीषराव खाली बसले. मॅडम त्यांच्याकडे वाकून म्हणाल्या, "अंगठा जुळेल. सहा आठवडे लागतील. कानाचा पडदा जुळेलच असं नाही."

मग एक गोष्ट झाली, ती कोणी नंतर बोललं नाही. ती मुलगी रडत पळाली ती बापाकडे. त्याच्या गळ्यात पडली आणि त्याच्या खांद्यावरून मॅडमकडे बघत राहिली, रस्त्यात अंगावर आलेल्या कुत्र्याकडे बघावं तशी. मॅडमनी ते पाहिलं. पोळपाट फडक्याने पुसला आणि जागेवर ठेवला.

कोणीतरी पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत सगळे भिंतीला टेकून उभे. शिरीषराव माझ्याकडे बघून काहीतरी ओरडत होते, पण ते माझ्या डाव्या अंगाला होते. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा मी अख्खा वळलो.

"तू पाहिलंस ना सगळं? साक्ष द्यायची आहे तुला."

परक्या देशात वर्क परमिटवरचा माणूस, आणि साक्ष. पण त्याहून वाईट म्हणजे माझं ते वळणं मॅडमनी टिपलं होतं. त्या सरळ माझ्याकडे आल्या, हनुवटी धरून माझं तोंड भिंतीकडे केलं, मोबाईलचा दिवा लावला आणि डावा कान मागे ओढून आत बघायला लागल्या. स्वतः पोलिसांची वाट बघणारी बाई.

"हलू नकोस. वास येतोय. किती वर्षं वाहतोय?"

"लहानपणापासून फुटतो, मॅडम. आपोआप बंद होतो."

"कोणी?"

आजवर ज्याने ज्याने विचारलं त्याने 'कसं झालं' म्हणून विचारलं होतं. ह्यांनी 'कोणी' विचारलं.

"गणिताचे मास्तर," मी म्हणालो. "सातवीत."

"नाव?"

मी नाव सांगितलं. यवतमाळकडे त्या मास्तरांना अजून लोक नमस्कार करत असतील, म्हणून इथे लिहीत नाही. मॅडमनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग पोलीस आले. कोणी काही बोलायच्या आत त्या पोळपाट पुढे करून म्हणाल्या, "आय हिट हिम. विथ धिस." ती वस्तू नेमकी काय आहे हे त्या पोलिसाला समजावण्यात पाच मिनिटं गेली.

*

मॅडम पुण्यात कानाच्या सर्जन होत्या. पुढे ते सोडून संशोधनात शिरल्या आणि इथे आल्या. नवरा कॉम्प्युटरमध्ये, शांत माणूस. त्यांची प्रयोगशाळा वन-नॉर्थला. तिथे त्या माणसाच्या मधल्या कानाचं आतलं अस्तर बशीत वाढवत. खालून पाजायचं, वरून कोरडं ठेवायचं, कारण खऱ्या कानात वर हवा असते. वाढलं की त्यात जंतू सोडायचे, विष घालायचं, आणि बघत बसायचं. "इथे मला जिवंत माणसाच्या कानाला हात लावायचा परवाना नाही," त्या म्हणत. "बशीतल्या कानाचे वाटेल तेवढे हाल करायची परवानगी आहे."

दर दुसऱ्या रविवारी त्या मला बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवर, बोलवायच्या. बिनसाखरेची काळी कॉफी घ्यायच्या आणि ती गरम असतानाच संपवायच्या. खाताना काटा ताटलीवर असा आपटायच्या की शेजारचे लोक जागा बदलत. शिव्या सतत चालू. शिंच्या, गाढवा, तुला उभा चिरला पाहिजे, तुझं मुंडकं मोडून हातात देईन. वेटिंगला उभ्या माणसाला, रस्ता अडवणाऱ्या सायकलला, मला, सगळ्यांना एकच माप. सुरुवातीला मी घाबरायचो. मग लक्षात आलं की ह्यांच्या शिव्यांत डोकं आहे, मान आहे, तंगडी आहे, पण कान कुठेच नाही.

मी एकदा ते बोलून दाखवलं. त्यांनी काटा खाली ठेवला.

"मराठीत मारायचं म्हटलं की कुठे मारतात? सांग."

"कानाखाली."

"आणखी?"

"कानशिलात. कानफटात."

"आणि लाडाने?"

"कान पिळतात. उपटतात."

"डोळ्याला कोणी हात लावतं का? डोळा म्हटलं की सगळे जपतात. कान म्हणजे दाराची कडी. येणारा-जाणारा वाजवतो." त्यांनी कॉफीचा कप बाजूला सारून कागदी रुमालावर चित्र काढलं. "हा पडदा. मास्तराने फाडला. बाहेरची कातडी त्या फटीतून आत शिरली. तिचं आत काहीच काम नाही. पण ती वाढत राहते, आणि हाड खाते. हे वर मेंदू. ही चेहऱ्याची नस, हिच्यावरचं हाड आत्ता कागदाएवढं असेल. हा तोल सांभाळणारा भाग."

"किती दिवस आहेत, मॅडम?"

"ते तिला विचार."

ऑपरेशन केलं तर वाचेन, हे मला कळलं. पण ऑपरेशन म्हणजे कंपनीला कळणार, आणि कंपनीला कळलं की विमानात बसवणार, हेही कळत होतं. घरी आई आणि दोन बहिणी, त्यांचं सगळं माझ्या ह्या नोकरीवर. मी रुमालाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. त्या उठल्या, माझ्या पुढ्यातली ताटली उचलली आणि अर्ध्या जेवणासकट परत करायच्या खिडकीत नेऊन आपटली. "मेलेला माणूस जेवत नाही," म्हणाल्या.

त्यांनी कंपनीच्या डॉक्टरला पत्र लिहिलं. दोनदा. तिसऱ्यांदा स्वतः गेल्या. तिथे काय बोलल्या माहीत नाही, पण त्या डॉक्टरांनी मला बघितल्यावर पहिला प्रश्न विचारला, ती बाई तुझी कोण? मला हॉस्पिटलात पाठवलं, कानाचा फोटो काढला. ऑपरेशन विम्यात बसत होतं. सुपरवायझरने मला ग्राइंडरवरून काढून हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं आणि म्हणाला, ऑपरेशन होऊ दे, मग बघू. त्या 'मग बघू'ने माझी झोप गेली. त्याच दिवसांत पोलिसांनी माझा जबाबही घेतला. मी खरं तेच सांगितलं, की दोघांनी मारलं. अधिकारी चांगला होता, पाणी दिलं. जाताना म्हणाला, गरज पडली तर पुन्हा बोलावू.

तेव्हापासून फोन वाजला की मी आधी नंबर बघायचो.

*

एका गुरुवारी दुपारी मॅडमचा फोन आला. स्टोअरच्या मागे कंप्रेसर चालू होता. मी उजव्या कानाला फोन दाबला, तरी अर्धंच आलं.

"...मंगळवारी. सकाळी सातला पोच. पेशीचं तुला विचारतील. मी तिथे नसेन, मुद्दाम नसणार आहे. घाबरू नकोस. नाही म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे."

मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवला.

आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. माझ्या काकाची बांधाच्या भांडणात अकरा वर्षं पेशी चालली. सकाळी धुतलेला सदरा घालून जायचे, संध्याकाळी पुढची पेशी घेऊन यायचे. त्या भांडणात कुऱ्हाड निघाली होती, त्यामुळे घरात पेशी शब्द निघाला की आई चुलीतली लाकडं पुढे सारत बसायची. दुसरा अर्थ मला माहीत नव्हता. शाळेत पुढे विज्ञानाच्या पुस्तकात पेशी येते म्हणे. माझी शाळा त्याआधी सुटली. कॉलरवर रक्त घेऊन घरी आलो तो पुन्हा गेलोच नाही.

म्हणजे पोलिसांनी बोलावलंय. मंगळवारी विचारणार. मॅडम नसणार. एका बाजूला बँकेचा साहेब, दुसऱ्या बाजूला जिने माझ्यासाठी एवढं केलं ती बाई, आणि मधे मी. कोणाच्याही विरुद्ध बोललो तरी परमिटवर शिक्का बसणार. मी फोन बंद केला आणि सिमकार्ड काढून उशीत खुपसलं.

मंगळवारी मी दिवसभर स्टोअरमध्ये पाने मोजले. कोणी आलं नाही. बुधवारीही नाही. सुटलो असं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात चहा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागला. मग डावा डोळा मिटेना. चालताना जमीन एका बाजूला कलायची. डॉर्मिटरीतल्या एका बिहारी मित्राने आरसा दिला. मी म्हटलं वारं गेलं असेल तोंडावरून, उतरेल. आत काय चाललंय ते मला माहीत होतं. त्या कागदी रुमालावर सगळं काढलेलं होतं. पण भीती माणसाला वेडं करत नाही, शहाणं करते, खूप शहाणं. दर तासाला नवीन कारण सुचतं.

रविवारी दुपारी फाटकाबाहेरून माझं नाव ऐकू आलं. त्या एवढ्या मोठ्याने ओरडत होत्या की मला ऐकू आलं, यातच सगळं आलं. पाहुण्यांना आत घेत नाहीत म्हणून त्या कुंपणाबाहेर उन्हात उभ्या. "सुदाम. अरे ए सुदाम. बाहेर ये, नाहीतर भिंत चढून येते." तमिळ, बंगाली, सगळी पोरं गॅलऱ्यांत जमली. कोणीतरी शिट्टी मारली. मॅडमनी वर बघून त्यालाही मराठीत झोडलं.

मी कुंपणापाशी गेलो. खाली मान घालून.

"वर बघ," त्या म्हणाल्या. "दात दाखव."

"मॅडम, मी..."

"दात दाखव, शिंच्या."

मी दाखवले. अर्धेच निघाले. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग वळून लोखंडी फाटकाला लाथ घातली. एक, दोन, तीन. सिक्युरिटीचा म्हातारा खुर्ची घेऊन मागे सरकला. त्यांच्या चपलेचा पट्टा तुटला, अंगठ्यातून रक्त आलं. तशाच अनवाणी मला टॅक्सीत कोंबलं. मनगट इतकं आवळून धरलं होतं की नखांच्या खुणा चार दिवस राहिल्या.

टॅक्सीत म्हणाल्या, "तीन आठवडे मी परदेशात, तुझा फोन बंद. ऑपरेशनला का आला नाहीस?"

"कसलं ऑपरेशन? तुम्ही तर पेशीला बोलावलं होतं."

"मग?"

"मला नाही द्यायची साक्ष, मॅडम. तुमच्याविरुद्ध तर नाहीच. परत पाठवतील मला."

एक सिग्नल गेला, दुसरा गेला.

"तुझ्याकडे पेशी म्हणजे काय रे?"

"तारीख. कोर्टाची."

त्यांनी स्वतःचं डोकं खिडकीच्या काचेवर आपटलं. पुन्हा आपटलं. टॅक्सीवाला चिनी काका आरशात बघून म्हणाला, "मॅडम, माय विंडो नॉट युवर एनिमी हां."

"मी एका शब्दाने मारत होते तुला," त्या मराठीत म्हणाल्या, आणि टॅक्सीवाल्याला गाडी हॉस्पिटलाकडे आणखी जोरात घ्यायला सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेशन झालं. त्याआधी एक नर्स हिंदी येणाऱ्या बाईला घेऊन आली. कानातून जे काढणार त्यातला थोडा भाग, आणि शेजारचं चांगलं अस्तर तांदळाच्या दाण्याएवढं, संशोधनासाठी द्याल का? नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही. तेव्हा मला कळलं की फोनवरचं 'पेशीचं विचारतील' हे होतं. मॅडम खरंच कुठे दिसत नव्हत्या. खाली कॅन्टीनमध्ये बसून होत्या, नंतर कळलं. मी लगेच सही केली.

शुद्धीवर आलो, डोक्याला हे एवढं बँडेज. मॅडम खुर्चीत.

"हो म्हणालास."

मी मान हलवली.

"का?"

"तुम्ही माझ्यासाठी एवढं केलं..."

त्या उठून उभ्या राहिल्या. "उपकार फेडायला कान देतोस? उद्या किडनी देशील. तसलं मला नको. ते आत्ता माझ्या बशीत आहे. उद्यापर्यंत विचार कर. नाही म्हणालास तर मोरीत ओतेन आणि परवा तुझ्यासाठी पेज घेऊन येईन. काही बिघडत नाही. तुला नाही म्हणता येतं की नाही, एवढं एकदा बघू दे मला."

रात्रभर मी विचार केला. मला मास्तरांना, सुपरवायझरला, कोणालाच कधी नाही म्हणता आलं नव्हतं. सकाळी म्हणालो, "मॅडम, द्यायचंच आहे. पण तुमच्यासाठी नाही. ज्याने मला आतून खाल्लं ते मला बघायचंय."

"हे कारण चालेल," त्या म्हणाल्या.

कानातल्या तीन बारीक हाडांतली दोन संपली होती. चेहऱ्याची नस मात्र उघडी पडूनही शाबूत होती. तोंड हळूहळू सरळ झालं. आता फोटोत हसलो तरच कळतं. डावा कान गेला तो गेला. सुपरवायझरने महिन्याने बोलावलं, तेव्हा मी ठरवून गेलो होतो की सामान बांधायचं. तो म्हणाला, स्टोअरमध्येच राहा, तुझ्यासारखा हिशोबशीर माणूस इथे टिकत नाही. मी बाहेर येऊन पाण्याच्या नळाखाली डोकं धरलं. बँडेज ओलं झालं म्हणून मॅडमनी जे सुनावलं ते वेगळं.

*

त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं तो शनिवार होता. त्यांच्या टेबलावर भिंतीला कागद चिकटवलेला. मराठीत मोठ्या अक्षरात: 'पेशी = तारीख'. त्यांची विद्यार्थिनी मेई, जोहोरची पोरगी, मला म्हणाली, "व्हॉट इज धिस, ऑल्सो शी डोन्ट टेल. एव्हरी डे शी स्कोल्ड अस, देन शी लुक ॲट द पेपर, देन शी स्कोल्ड हरसेल्फ."

मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पहिल्या बशीत माझं चांगलं अस्तर होतं. त्यावर बारीक केस, सगळे एका दिशेला झाडत होते. यार्डात गंज काढायला तारेचा ब्रश मारतो तसे, न थकता.

"हे काम करतायत," त्या म्हणाल्या. "कचरा बाहेर ढकलतायत. आणि ही दुसरी."

दुसऱ्या बशीत ती कातडी. फरशी घातल्यासारखी दाट. बघून काहीच वाटत नव्हतं, इतकी साधी दिसत होती. मॅडमनी प्लॅस्टिकची बारीक नळी घेतली आणि आधी पहिल्या बशीत, मग दुसऱ्या बशीत, मधोमध सरळ ओरखडा काढला. जोरात. माझा हात आपोआप कानावर गेला.

"दुखत नाही त्यांना."

"तुम्हाला कसं माहीत?"

मॅडमनी नळी खाली ठेवली आणि बशीत पुन्हा एकदा पाहिलं.

मग त्यांनी मला त्यांचं काम सांगितलं. त्याला जनुकांची अभिव्यक्ती की काय म्हणतात, तो शब्द मी लिहून घेतलाय, पण मला समजलं ते त्यांच्या भाषेत. "प्रत्येक पेशीच्या पोटात सगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. बहुतेक वेळ ती गप्प असते, कामापुरतं बोलते. तिला मार दिला की काही गोष्टी ओरडून बोलायला लागते. वाढा, भरून काढा, शत्रू आला, हाड सोडवा. आम्ही त्या ओरडण्याची नोंद घेतो. कुठला जनुक किती मोठ्याने बोलला, कधी सुरू झाला, कधी थांबला. ही पहिली बशी उद्या-परवा जखम भरेल आणि गप्प होईल. ही दुसरी भरूनही गप्प होणार नाही. मास्तराने तुला मारून वीस वर्षं झाली. मास्तर निवृत्त झाला असेल, नातवंडं खेळवत असेल. ही अजून ओरडतेय."

मी बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसलो.

"आणि किती दिवस ओरडेल?"

"आपण मारेपर्यंत."

मेईने मला डब्यातला केक दिला. मॅडम तिच्यावर खेकसल्या की इथे खायचं नसतं, बाहेर जा, आणि स्वतः आमच्याबरोबर बाहेर येऊन त्यातला अर्धा खाल्ला.

*

शिरीषरावांचं प्रकरण ताकिदीवर मिटलं. पुन्हा असं केलंत तर खटला होईल, असं मॅडमना समोर बसवून सांगण्यात आलं. पुंगोलच्या गणपतीला मॅडमना पुन्हा कोणी बोलावलं नाही. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का? त्या म्हणाल्या, "पोळपाटाचं नाही. पोरगी त्याच्याकडे पळाली त्याचं." आणि नंतर, माझ्याकडे न बघता, "पळणारच. मी तिच्यासमोर तेच केलं जे तो करत होता."

पुढच्या वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेची मुदत वाढली नाही. त्या प्रकरणामुळे की दुसऱ्या कशामुळे, मला सांगता येणार नाही. मेई दुसरीकडे लागली. नवरा-बायको पुण्याला परतणार होते. काही नमुने गोठवून दुसऱ्या संशोधकांकडे दिले, पण बशीत जे जिवंत होतं ते नष्ट करून, खोली धुऊन किल्ल्या द्यायच्या होत्या.

त्यांनी मला फोन केला. एकेक शब्द वेगळा करून, खिळे ठोकल्यासारखा. "सुदाम. शनिवारी. दुपारी दोन. तुझ्या पेशी. कोर्ट नाही. कळलं?"

मी गेलो. बाकीच्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. मॅडम पांढऱ्या कोटात, हातमोजे घालून, दारातच उभ्या.

"कागदावर आम्ही फक्त नंबर लिहितो," त्या म्हणाल्या. "पण त्या आठवड्यात तुझा एकट्याचाच नमुना आला होता, म्हणून मला माहीत आहे. आज त्यांना ब्लीचमध्ये मारायचं आहे. नियमाने तुला विचारायची गरज नाही. तरी विचारते."

"मी ओतू का, मॅडम?"

"ब्लीच ओतताना तुला आत यायची परवानगी नाही. तू फक्त हो किंवा नाही म्हण."

मी विचार केला. खरंच केला. वीस वर्षं माझ्या डोक्यात राहिली होती ती कातडी.

"मारा," मी म्हणालो.

"घाईने नाही ना म्हणालास?"

"नाही."

त्यांनी मान डोलावली आणि दार लावून घेतलं. दाराला काच होती. बाकीच्या बशा त्यांनी भराभरा रिकाम्या केल्या, भांडी घासणाऱ्या बाईच्या हाताने. गुलाबी पाणी ब्लीच पडलं की फिकं होत जातं, मग त्याला रंगच उरत नाही. शेवटी माझ्या त्या कातडीची बशी घेतली. ती त्यांनी लगेच ओतली नाही. भिंगाखाली ठेवली, वाकल्या, आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग बशी हातात घेऊन तिच्याकडे बघत काहीतरी बोलल्या. काचेतून मला ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता, पण एका कानावर आयुष्य काढलेल्या माणसाला ओठ वाचता येतात.

"पुरे," त्या म्हणाल्या. शिवी नाही, आवाज चढवलेला नाही. "पुरे आता."

मग त्यांनी ब्लीचची बाटली तिरकी केली.